‘डुप’ला मराठीत काय म्हणायचं?

हरिपूरकर: सांगलीत डिप्लोमाच्या मुलांसाठी युनिक्स या संगणक प्रणालीच्या नोट्स मराठीत करतोय. उघडलेल्या फाइलीला आकडा मिळतो, तो डिस्क्रिप्टर; त्याच फाइलीला आणखी एक आकडा देणारी आज्ञा ‘डुप’ (dup). ‘डुप’ला ‘नक्कल’ लिहिलं. एक पोरगा म्हणाला, “सर, नक्कल आहे तर एकीतून वाचलं की दुसरी का पुढं सरकते?” खरंच की. डिस्क्रिप्टरचे आकडे दोन, पण फाइलीत वाचायची जागा एकच. शब्द सुचवा.

तर्रीबाज: नक्कलच ठेवा. सातबाऱ्याची नक्कल काढतोच की आपण.

हरिपूरकर: त्या नकलेवर खाडाखोड केली तर तलाठ्याकडचा उतारा बदलतो का? इथं बदलतो.

जुना कारकून: आधी ‘फाइल’चं बघा. कचेरीत आम्ही जन्मभर ‘नस्ती’ लिहिलं. नत्थी केलेले कागद ती नस्ती, अशी माझी व्युत्पत्ती. ‘संचिका’ हिंदीतून आलेली पाहुणी.

तर्रीबाज: आणि ‘धारिका’ काय सासरची?

लिंबकर: आमच्या साताऱ्याजवळच्या लिंबची बारामोटेची विहीर बघून या. मोटा अनेक, पाणी एकच. एकीनं उपसलं की दुसरीखालचीही पातळी उतरते. एक मोट सोडली म्हणून विहीर बुजत नाही. शेवटचा डिस्क्रिप्टर बंद होईस्तोवर फाइलही उघडीच. ‘जोडमोट’ म्हणा.

कृष्णाकाठ: मुलाखतीत ‘जोडमोट’ सांगून बघा एकदा! ‘डुप’ सगळ्यात लहान रिकामा आकडा देतो, म्हणून प्रोग्रॅमचं आउटपुट फाइलीत वळवायला जुन्या कोडमध्ये आधी १ (आउटपुटचा आकडा) बंद, मग डुप. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘डुप२’ होता, त्यात आकडा आपण सांगायचा. ‘डुप३’ लिनक्स २.६.२७ मध्ये, २००८ साली. दोन्ही आकडे एकच दिले तर डुप२ मुकाट तोच परत देतो, डुप३ चूक दाखवतो. एवढं सगळं मोटेत बसवणार?

लिंबकर: मोटेला तीच मोट कोण बांधतं? डुप३ शहाणा.

जुना कारकून: कोकणातल्या पोरानं काय करायचं? तिकडं रहाट.

कृष्णाकाठ: मोट इथल्या पोरांनी तरी कुठं पाहिलीय? पाच एचपीची मोटर म्हणा.

लिंबकर: पाहिली नाही म्हणून शब्द टाकायचा? ‘मोट बांधणे’ रोज पेपरात येतं, निवडणुकीत तर जास्तच.

तर्रीबाज: ती मोट गाठोड्याची हो, विहिरीची नव्हे!

लिंबकर: दोन्ही एकच. चामड्याचं गाठोडंच ते.

हरिपूरकर: मंडळी, नोट्स झेरॉक्सला टाकल्या. तूर्त ‘डुप’.

जुना कारकून: झेरॉक्स नव्हे, छायाप्रत.