‘कमबॅक अल्बम’ला मराठीत काय म्हणावं?

सातरस्ता
मंडळी, एक शब्द हवाय. खरं तर तीन. सोलापुरात विजापूर रोडला एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही काहीजण अधूनमधून जुनं रॉक ऐकायला जमतो. या वेळी विषय आहे बरीच वर्षं गायब राहून पुन्हा उगवलेले मेलोडिक हार्ड रॉक बँड. सुरुवात स्वीडनच्या ‘युरोप’पासून. १९८६ला ‘द फायनल काउंटडाउन’ने जगभर गाजले, १९९२ला बँड थांबला आणि २००४ला ‘स्टार्ट फ्रॉम द डार्क’ घेऊन पुन्हा हजर. पत्रकावर मी लिहिलं, ‘बुजुर्ग बँडचे दीर्घ अनुपस्थितीनंतर पुनरागमन’. नवी पेठेतल्या डीटीपीवाल्यानं ते वाचलं आणि विचारलं, "लग्न कुणाकडचं हाय?"
‘कमबॅक’, ‘व्हेटरन’ आणि ‘मेलोडिक’ या तिघांना धड मराठी सुचवा.

कडक_भाकरी
डीटीपीवाल्याचं काय चुकलं बे? आपल्याकडं बँड म्हणजे वरातीतला. बुजुर्ग बँड म्हणजे ज्यांची क्लॅरनेट आजोबांच्या लग्नात पण वाजली ते. आणि ‘दीर्घ अनुपस्थिती’ वाचून मला शाळेचं हजेरीपत्रक आठवलं. सरळ ‘बारा वर्षांनी’ लिही की.

सातरस्ता
‘परतीचा अल्बम’ कसं वाटतं?

हातमाग
अजिबात नको. मराठीत ‘परतीचा’ म्हणजे निघालेला. परतीचं तिकीट, परतीचा प्रवास, परतीचा पाऊस. ‘परतीचा अल्बम’ वाचणाऱ्याला वाटेल की हा शेवटचा, यानंतर गाशा गुंडाळणार.

कडक_भाकरी
पण सोलापूरकराला विचार. आपल्याला जून-जुलै कोरडा दाखवतो आणि खरा पाऊस पडतो सप्टेंबरात. परतीचाच आपला मुख्य पाऊस हाय!

हातमाग
ते मान्य, पण तरी तो जाताजाता पडतो. क्रियापदात अडचण नाही. ‘परतले’ म्हटलं की आले. विशेषणात गेलं की अर्थ उलटतो.

नाट्यवेडा
थोडं सविस्तर लिहितो, कारण इथं एका ‘कमबॅक’खाली तीन वेगळ्या गोष्टी झाकल्या जातायत.

‘पुनरागमन’ शब्द चुकीचा नाही. क्रिकेटच्या बातम्यांनी तो घासून गुळगुळीत केलाय, एवढंच. पण मराठी कानाला तो मुळात विसर्जनाच्या वेळचा, ‘पुनरागमनाय च’. म्हणजे जातानाच परत येण्याचं ठरलेलं, तिथीसकट. युरोपवाले १९९२ला थांबले तेव्हा असं काही ठरलेलं नव्हतं. गायक जोई टेम्पेस्ट स्वतःचे अल्बम काढत बसला. १९९९च्या ३१ डिसेंबरला स्टॉकहोममध्ये एका रात्रीपुरते जमले, आणि पुढं २००३ला पक्कं झालं.

दुसरं म्हणजे परत नक्की काय आलं? माणसं आली. गिटारवाला जॉन नोरम १९८६लाच बाहेर पडला होता, तोही आला. पण आवाज परत आला नाही. ‘फायनल काउंटडाउन’ची ओळख म्हणजे सुरुवातीची ती कीबोर्डची तुतारी. २००४च्या अल्बममध्ये कीबोर्ड मागं ढकललाय, गिटारी खालच्या सुरात लावल्यात, सगळा बाज जाड आणि काळपट. जुनं ऐकायच्या आशेनं आलेल्यांना हे दुसरंच कुणीतरी वाटलं. मला तो अल्बम आवडतो, कारण त्यांनी जुनी पाटी पुसून लिहिलं. तर ‘पुनरागमन’पेक्षा ‘पुन्हा उभे राहिले’ हे इथं जास्त खरं.

आता ‘बोस्टन’ हा अमेरिकन बँड घ्या. दुसरा अल्बम १९७८ला, तिसरा १९८६ला. मध्ये आठ वर्षं. पण बँड फुटल्याची घोषणा कधी झालीच नव्हती. त्यांचा गिटारवाला टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला इंजिनियर, पोलरॉइड या कॅमेरा कंपनीत नोकरीला होता, घराच्या तळघरात स्वतःच रेकॉर्डिंग करायचा. एकेका आवाजामागं महिनोन्‌महिने. त्यात रेकॉर्ड कंपनीशी कोर्टकज्जा. हेडफोन लावून गिटार वाजवायचा ‘रॉकमन’ नावाचा छोटा अँप्लिफायरही त्याच काळात काढला. याला ‘कमबॅक’ म्हणणं म्हणजे विणकरानं चादर उशिरा दिली तर तो ‘परतला’ म्हणण्यासारखं. माणूस मागावरच बसलेला होता. इथं ‘आठ वर्षांनी नवा अल्बम’ यापलीकडं शब्दच नको.

तिसरी गोष्ट म्हणजे कोण परतलं. याला आपल्या नाटकाच्या जाहिरातींनी आयता शब्द घडवून ठेवलाय, ‘संच’. नाटक पुन्हा रंगभूमीवर आलं की खाली लिहितात ‘मूळ संचात’ नाहीतर ‘नव्या संचात’. आपल्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाबाहेर फलक वाचणाऱ्या कुणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. ‘डीप पर्पल’ हा ब्रिटिश बँड घ्या. ते १९८४ला ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ घेऊन आले ते मूळ संचात म्हणता येणार नाही, कारण १९६८चे गायक आणि बास गिटारवाले वेगळे होते. पण ज्यांनी नाव कमावलं तो ब्लॅकमोर, गिलन, ग्लोव्हर, लॉर्ड, पेस हा संच अकरा वर्षांनी पुन्हा एका अल्बमवर आला. म्हणून ‘गाजलेल्या संचात’. आणि ‘जर्नी’ या अमेरिकन बँडचा २००८चा अल्बम ‘नव्या संचात’. त्यांना गायक मिळाला तो फिलिपिन्सचा आर्नेल पिनेडा, यूट्यूबवर दुसऱ्यांची गाणी गाताना गिटारवाल्या नील शॉनला दिसलेला.

कडक_भाकरी
नाटकवाल्यांनी एवढं तरी आपल्याला दिलं. आमच्या शेजारच्या कन्नड काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या ‘मत्त बंद्रु’. म्हणजे ‘पुन्हा आले’. दोन शब्दांत विषय संपला. फक्त मराठी माणसाला ऐकू येतं ‘बंद’!

हातमाग
😄 पत्रकावर तेच छाप.

सातरस्ता
‘संच’ घेतला, मस्त आहे. ‘युरोप, गाजलेल्या संचात’. आता ‘व्हेटरन’चं सांगा. ‘दिग्गज’?

हातमाग
दिग्गज सगळेच असतात हल्ली. ‘ज्येष्ठ’ म्हटलं की सत्कार, शाल, नारळ. ‘मुरलेला’ म्हणजे लोणचं नाहीतर राजकारणी. ‘जुनाजाणता’ लिही, किंवा काहीच लिहू नको. १९८६ साल दिलंयस ना, हिशेब लोक करतील.

नाट्यवेडा
सहमत. आणि ‘पडद्याआड गेलेला बँड’ असं चुकूनही लिहू नका. काळाच्या पडद्याआड माणूस एकदाच जातो.

सातरस्ता
मेलोडिक? शब्दकोशात ‘सुरेल’ आहे.

हातमाग
सुरेल म्हणजे सुरात असलेला. मग बाकीचं हार्ड रॉक बेसूर का? इथं मुद्दा सुराचा नाही, चालीचा आहे. गिटारी घणघणत असतात, पण ध्रुवपद आलं की तीन-चार आवाज एकत्र येऊन अशी ओळ गातात, जी तुम्ही स्कूटरवर घरी जाईपर्यंत गुणगुणता. शब्द कळो न कळो. त्याला मराठीत ‘गेय’ म्हणतात. कवितेलाही तोच शब्द लावतो आपण.

कडक_भाकरी
‘गेय हार्ड रॉक’ वाचून कुणी येणार नाय. मराठीच्या पेपरातला प्रश्न वाटतो.

नाट्यवेडा
मलाही ‘गेय’ अर्थाला बरोबर आणि पत्रकाला जड वाटतो. प्रकाराचं नाव आहे तसं ठेवा. ख्याल, ठुमरी, कव्वाली यांची आपण भाषांतरं करत बसलो नाही, मग मेलोडिक हार्ड रॉकनं काय पाप केलंय? आत एक ओळ टाका, ‘गुणगुणता येतील अशा चाली, कडक गिटारी’. डॉल्बीपुढं नाचलेल्या सोलापूरला ‘कडक’ बरोबर कळतं.

सातरस्ता
मग हे असं छापतोय. ‘युरोप. बारा वर्षं बंद, २००४ला पुन्हा उभे, गाजलेल्या संचात. मेलोडिक हार्ड रॉक: गुणगुणता येतील अशा चाली, कडक गिटारी.’ ‘बँड’ शब्दच काढून टाकला.

हातमाग
छान. पुढच्या वेळी जर्मनीचे स्कॉर्पियन्स घेणार असाल तर आत्ताच विचार करून ठेवा. २०१०ला त्यांनी निरोपाचा दौरा जाहीर केला आणि २०१५ला, २०२२ला पुन्हा नवे अल्बम काढले. ते ना परतले, ना पुन्हा उभे राहिले. गेलेच नाहीत.

कडक_भाकरी
सोपं हाय. ‘येतो’ म्हणून चप्पल घालून दारातच तासभर बोलत उभे राहणारे पाहुणे.