अनुभव धागा: तुमची जुनी जीप, जिप्सी, ट्रॅक्स... लिहा

कोयनाकाठ
परवा माळा आवरताना पोत्यात गुंडाळलेलं लोखंडी हँडल सापडलं. आमच्या जीपचं. जीप विकून २० वर्षं झाली, हँडल घरात कसं राहिलं ते आईलाही आठवेना. हातात घेतलं आणि खाली उतरायचं विसरलो, तिथेच बसून राहिलो.

बाबांनी १९८८ ला लिलावातून घेतलेली सीजे३बी, उंच बॉनेटवाली, पेट्रोलची. आषाढात बॅटरी हमखास बसायची, मग बंपरच्या भोकातून हँडल आत घालून इंजिन हाताने फिरवून चालू करायचं. मला ते हातात मिळालं दहावीनंतर, आणि त्याआधी आठ दिवस बाबांनी फक्त अंगठा कुठे ठेवायचा ते शिकवलं. अंगठा हँडलभोवती वळवायचा नाही, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटलं पाहिजे, अंगठा आत अडकला तर तो मोडतो नाहीतर मनगट जातं. काल नुसतं हँडल धरलं तर अंगठा आपोआप बाहेर गेला.

ज्यांच्याकडे आहे, होती, त्यांनी लिहा ना. सुख-दुःख दोन्ही चालेल.

मुळशी५४०
अहो काय आठवण काढलीत! माझी १९९४ ची महिंद्रा एमएम ५४० जीप अजून रोज चालते. पूजो डिझेल इंजिन, त्यामुळे थंडीत आधी इंजिनाचा हीटर द्यायचा, थांबायचं, मग स्टार्टर. घाई केली की नुसता पांढरा धूर. बायको म्हणते तुझा सकाळचा एवढाच वेळ शांततेत जातो, आणि खरंच आहे ते.

त्रास म्हणाल तर गेल्या जुलैत ताम्हिणीत बंद पडली. धुकं, पाऊस, मोबाईलला रेंज नाही, पोरगं १२ वर्षांचं सोबत. डिझेलने एअर घेतला होता. फिल्टरवरचा बोल्ट ढिला केला, पोराला हातपंप मारायला लावला, आधी नुसता फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल आलं तसा बोल्ट आवळला. तरी चालू होईना मग इंजेक्टरचे नट एकेक ढिले करून सेल्फ मारला, चौथ्याला लागली. सगळं मिळून पाऊण तास. मूळ कारण काय तर टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपला केसाएवढी चीर, डिझेल गळत नव्हतं पण हवा आत ओढत होती. पाइप नाना पेठेत मिळाला, जेमतेम चहा-वड्याचे पैसे पडले. तेव्हापासून हातभर पाइप आणि दोन क्लिपा सीटखाली असतात. पोरगा अजून सगळ्यांना सांगत असतो की गाडी मी चालू केली.

ढेबेवाडी_वडाप
वडाप वडाप वडाप!! कराडला स्टँडबाहेर कमांडर जीप लागलेली असायची आणि "चला एकच सीट, एकच सीट" करत १६ जण भरायचे 😄 ड्रायव्हरच्या उजव्या हाताला पण एक माणूस, ड्रायव्हर मध्ये अंग चोरून, गिअर टाकायचा तर शेजारच्याने गुडघा बाजूला घ्यायचा. माझं कॉलेज त्याच जीपवर झालं.

पांढरकवडा
आमच्याकडं काळी-पिवळी म्हनतात बाप्पा. मागच्या फळीवर उभं राहून गेलो हाव कितीकदा.

ढेबेवाडी_वडाप
@पांढरकवडा फळीवरून पडला नाहीत हे नशीब भाऊ. आता बंद झालं ते आमच्याकडे, बरंच झालं.

रानवेडी
भाजी फोडणीला टाकून लिहितेय, चुका झाल्या तर समजून घ्या.

माझी २००५ ची जिप्सी किंग, तेराशे सीसी पेट्रोल. नवी जिप्सी मिळणं २०१९ ला बंद झालं तेव्हा ठरवलं ही विकायची नाही. चारी चाकांना पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, त्यामुळे खड्डा कमरेला कळतो. लांबच्या प्रवासाला कमरेचा पट्टा बांधूनच बसते. पण वजन कमी असल्याने चिखलात जिथे मोठमोठ्या गाड्या रुततात तिथून ही बकरीसारखी वर चढते.

एक सांगते, नवीन लोकांना उपयोग होईल. पहिल्या वर्षी माहेरी राजापूरला जांभ्याच्या पाणंदीत रुतले. फोरव्हीलचा दांडा टाकला, तरी मागचीच चाकं फिरतायत आणि खड्डा खोल होतोय. भाऊ ढकलून ढकलून लाल झाला, खरोखरचा लाल, डोक्यापर्यंत. शेजारचे अण्णा काठी टेकत आले, पुढच्या चाकाच्या मधोमध असलेल्या गोल चकतीवरचा चिखल बोटाने पुसला आणि म्हणाले, "बाय, हब फिरवलंस काय गो?" हब लॉक केले नव्हते. जुन्या गाड्यांना खाली उतरून दोन्ही पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवावे लागतात, त्याशिवाय पुढच्या चाकांना ताकदच जात नाही. फिरवले, लो गिअरमध्ये टाकली, क्लच अलगद सोडला, बाहेर. आता कच्चा रस्ता दिसला की आधी हब, मग बाकीचं. अण्णा गेले मागच्या वर्षी. त्यांचं ते बोट आठवतं.

मुळशी५४०
ताई, अगदी. आणि परत डांबरी लागलं की फोरव्हील काढायला विसरू नका. कोरड्या रस्त्यावर वळणात पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, ताण सगळा गिअरवर आणि सांध्यांवर येतो.

कुळेकर
मामा कुळ्याहून दूधसागरला जीप चालवतात, पाऊस सरला की सीझन सुरू. वाटेत ओहोळ ओलांडावे लागतात, दगडगोटे आणि बोनेटजवळ पाणी. टुरिस्ट ओरडतात, मामा शांत. त्यांचा नियम एकच, पाण्यात शिरताना जो गिअर तोच बाहेर येताना, मध्ये क्लच नाही. डिझेल जीपला स्पार्क नसतो म्हणून पाणी उडलं तरी चालते, पेट्रोलचा स्पार्क वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर भिजला की तिथेच उभी. बाहेर आल्यावर दोन-चारदा ब्रेक दाबून ड्रम सुकवायचे, नायतर पुढच्या उतारावर ब्रेकच लागत नाही.

संध्याकाळी मामा डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याचा, नट काढून बोट आत घालतात आणि तेल बघतात. दुधाच्या चहासारखं झालं असलं की पाणी शिरलंय, त्याच रात्री बदलायचं, उद्यावर टाकायचं नाही. लहानपणी मला वाटायचं ते चाखून बघतात की काय.

नवखा_सांगली
मला एक जुनी जीप बघायची आहे, मालक चांगला वाटतो, इंजिन बदललंय म्हणे. काय बघू?

मुळशी५४०
आरसी बुकात इंजिन नंबर चढवलाय का ते आधी बघ. पेट्रोल काढून डिझेल बसवलेल्या खूप आहेत आणि कागदावर अजून पेट्रोलच असतं. चॅसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून घे, घरी जाऊन शांतपणे अंक अंक ताडून बघ. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी पासिंग, शिवाय हरित कर, तो थकलेला असला तर तुझ्या गळ्यात. आणि रंगावर जाऊ नकोस, गाडीखाली झोप. चॅसिसवर स्क्रूड्रायव्हरने टोचत जा, पत्रा आत गेला तर हात जोडून परत ये.

रानवेडी
आणि मिस्त्री आधी शोध, गाडी नंतर. आमचे मिस्त्री ७० च्या पुढे आहेत, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून सांगतात कुठली टॅपेट वाजतेय. मुलगा मोबाईल दुरुस्त करतो, या धंद्यात येणार नाही म्हणाला. त्यांच्यानंतर माझ्या गाडीचं कोण ऐकणार हा विचार येतो आणि खरंच पोटात गोळा येतो.

भाजी लागली बहुतेक. येते.

ढेबेवाडी_वडाप
कसली भाजी ताई?

रानवेडी
घोसाळी. वाचली, थोडी तळाला धरली.

सातपुडा_३बी
कोयनाकाठ काका, मीही सीजे३बी वाला, धुळ्याहून. आजोबांची आहे, मूळ पेट्रोल इंजिन अजून तेच. तिचं हँडल हरवलंय. कुर्ल्याच्या भंगारात दोनदा जाऊन आलो, एक मिळालं ते आखूड निघालं, बंपरच्या बाहेर मूठच येईना. विकत मागत नाहीये, फक्त लांबी आणि पुढच्या टोकाचा फोटो टाकाल का? लोहाराकडून घडवून घेईन.

कोयनाकाठ
सकाळपासून तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. दुपारी हँडल डिझेलने धुतलं, गंज बराच गेला, मुठीजवळ बाबांनी गुंडाळलेली सायकलची ट्यूब अजून आहे. आईला विचारलं, ती म्हणाली माळ्यावर ठेवून काय करणार, गाडीत असू दे.

कुरिअरने पाठवणार नाही. दिवाळीत नाशिकला बहिणीकडे येतोय, तिथून धुळ्याला येईन. तुमची गाडी बघायची आहे, आणि एकदा फिरवून द्यायचं आहे. ट्यूब काढू नका एवढंच.

सातपुडा_३बी
काका, या. स्टार्टरची वायर काढूनच ठेवतो.

नवखा_सांगली
गाडीखाली झोपून आलो. उजवीकडे मागे टोचलं तर आत गेलं. पॅच मारून चालेल का?

मुळशी५४०
फोटो टाक आधी. पाटा चॅसिसला जिथे अडकतो त्या शॅकलजवळ आहे का?