मदत हवी आहे: देयान द्राझिचची कारकीर्द कशी वाचायची?

नमस्कार मंडळी,

आमच्या क्रीडा मंडळाच्या अंकासाठी एफसी गोवाच्या फुटबॉलपटू देयान द्राझिचवर दोन पानं लिहायची आहेत. क्लबांची यादी नेटवर आयती मिळते, पण तिच्यावरून माणूस त्या त्या ठिकाणी का गेला ते कळत नाही. गाडी तिथेच अडली आहे.

थोडक्यात प्रवास असा. जन्म १९९५ चा, सर्बियाच्या वायव्य टोकाला, हंगेरीच्या सीमेजवळच्या सोंबोरचा. ओएफके बेलग्रेडकडून नाव झालं आणि २०१५ मध्ये थेट स्पेनच्या सेल्टा विगोत. मग वायाडोलिडला लोनवर (म्हणजे ठरावीक काळासाठी उसना), पुढे स्लोवाकियाचा स्लोवान ब्रातिस्लावा, मध्ये पोलंडच्या लुबिनला लोन. २०२४ मध्ये गोव्यात आला.

माझा खरा घोळ सेल्टापाशी आहे. तो गेला तेव्हा डाव्या विंगला (मैदानाच्या डाव्या कडेच्या आक्रमणाला) नोलितो, जोडीला ओरेयाना आणि इयागो आस्पास. संघ त्या मोसमात ला लीगात (स्पेनच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये) सहावा आला. विशीच्या पोराला तिथे जागा मिळणार कुठून? २०१६ मध्ये नोलितो मँचेस्टर सिटीला गेला, तर क्लबने पिओने सिस्तो आणला आणि द्राझिच दुसऱ्या डिव्हिजनमधल्या वायाडोलिडला. याला अपयश म्हणायचं की चुकीच्या वेळी चांगल्या संघात जाणं? मला दुसरं पटतं, पण पुरावा म्हणून काय दाखवू?

गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर ओमानच्या अल सीबविरुद्धच्या सामन्यात (ऑगस्ट २०२५, आपण २-१ जिंकलो, पहिला गोल द्राझिचचाच) शेजारचे काका म्हणाले, "तिकडे चाललं नाही म्हणून इकडे आला रे हा." बरं, स्लोवानने त्या वर्षांत लीगची विजेतेपदं ओळीने घेतली, युरोपच्या पात्रता फेऱ्या खेळल्या. स्पेनमध्ये बाकावर बसण्यापेक्षा ते कमी कसं? आणि आपल्याकडे मैदानावर एका वेळी चारच परदेशी चालतात, त्यातली एक जागा कोणी उगाच देत नाही. मे २०२५ च्या सुपर कप फायनलला जमशेदपूरविरुद्ध ३-० मध्ये आपल्या बोर्हा हेरेराचे दोन आणि तिसरा याचा होता, हेही काकांना सांगायचं राहिलं.

तर जाणकारांनो:

लोनवर असताना पगार साधारण कोण देतं, मूळ क्लब की नवा? की दोघं वाटून?

ट्रान्सफरच्या रकमेतले पाच टक्के लहानपणीच्या क्लबांना जातात, ते ओएफकेसारख्यांना खरंच पोचतात का? हा क्लब २०१६ मध्ये खाली घसरला आणि २०२४ मध्येच परत वर आला, म्हणून विचारतोय.

स्लोवान किंवा लुबिनचे त्याचे पूर्ण सामने कोणी पाहिलेत का? हायलाइट्स नकोत, त्यात प्रत्येक विंगर मेस्सीच दिसतो. बॉल पायात नसताना तो मागे किती धावतो, बॅकला मदत करतो का, एवढंच हवंय.

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल. अंक छापायला जायच्या आत उत्तर मिळालं तर बरं, संपादक रोज फोन करतायत.