थंडीत गाडीत झोपायला डाऊनचं पांघरूण कोणतं घ्यावं? (सोलापूर ते स्पिती)

माग_पूर्वभाग (सोलापूर):

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही दोघं आपली गाडी घेऊन स्पितीला निघतोय. आमच्या गावावरून जाणारा ५२ नंबरचा हायवे तुळजापूर, बीड, धुळे, इंदूर करत थेट पंजाबात संगरूरपर्यंत जातो. तोच धरून वर सरकायचं, मग सिमला, किन्नौर, नाको, ताबो, काझा. काही रात्री होमस्टे, काही रात्री गाडीतच. मागची सीटं आडवी केली की दोघांची पथारी बसते.

अडलंय ते पांघरुणापाशी. माझं माहेर पूर्वभागातलं, वडिलांचे चार माग होते. घरी तेलुगू, बाहेर मराठी आणि दिवसभर कानात मागाची खडखड, असं आमचं बालपण. चादर सोडून दुसरं काही पांघरावं असं कधी वाटलंच नाही. पण दोन डबल चादरी आणि कापसाची एक रजई घरच्या काट्यावर ठेवली तर साडेसात किलो भरली, आणि डिकीत दुसरं काही मावेना. म्हणून डाऊनकडे, म्हणजे पक्ष्यांची मऊ लव भरलेल्या हलक्या पांघरुणाकडे वळले.

यंदा जानेवारीत, आमची गड्ड्याची जत्रा उरकल्यावर, तापोळ्याच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या अंगणात परवानगी घेऊन गाडीत झोपून बघितलं. ऑनलाइन ३,२०० रुपयांना घेतलेलं 'डाऊन' पांघरूण होतं. पहाटे तीनला दोघंही जागे. वरून एक वेळ चाललं असतं, पण कंबर आणि खांदा खालून गार पडलेले. दुमडलेल्या सीटच्या फटीत हात घातला तर तिथून वारा लागत होता. काचा आतून निथळत होत्या. घरी आल्यावर पांघरुणाचा एक कोपरा उसवला, तर आत खेळण्यातल्या अस्वलात भरतात तसला पॉलिस्टरचा पांढरा लोंबा. लेबलावर बारीक अक्षरात 'डाऊन अल्टरनेटिव्ह' छापलेलं होतं. फार वाईट वाटलं. कापडाच्या घरातली मी, लेबल नीट वाचायला हवं होतं.

तर खरं डाऊन ओळखायचं कसं, आम्हाला किती लागेल, आणि दोघांत एक मोठं घ्यावं की दोन वेगळी? आणखी एक. पिसं जिवंत पक्ष्याची उपटलेली असतील तर मला ते अंगावर नको. त्याची खात्री कशी करायची?

सह्यवारा (पुणे):

अक्का, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे: खालून गार पडलं. तिथूनच सुरू करतो.

डाऊन म्हणजे बदकाच्या नाहीतर हंसाच्या पोटाकडची, मोठ्या पिसांच्या खाली असते ती लव. तिला पिसासारखी ताठ दांडी नसते, एका गाठीतून चहूकडे सुटलेले तंतू असतात. त्या तंतूंमध्ये हवा अडकते आणि ती हवा तुमच्या अंगाची ऊब धरून ठेवते. आता त्यावर माणूस झोपला की हवा निघून जाते आणि उरतं ते पातळ कापड. म्हणून कितीही भारी स्लीपिंग बॅग घ्या, पाठीखाली तिचा उपयोग जवळपास शून्य. पाठीखाली मॅटच लागते. मॅटवर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती खालची थंडी किती अडवते तो आकडा, लिहिलेली असते. घडीची फोमची मॅट साधारण २ ची. शून्याखाली जायचं तर ४ तरी हवी. एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते, म्हणजे माणशी दोन मॅटी टाकल्या तरी काम होतं. नुसत्या हवेच्या गाद्या, आत काही भरण नसलेल्या, थंडीत घेऊ नका. आतली हवा गार होते आणि ती रात्रभर पाठीशी खेळत राहते.

आता फिल पॉवर. एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, डाऊन फुलून किती घन इंच जागा व्यापतं तो आकडा. ८०० चं एक औंस सुमारे १३ लिटर जागा भरतं. आकडा मोठा तसा माल हलका आणि महाग. पण ऊब ठरते ती आकडा आणि वजन मिळून: ८०० चं ४०० ग्रॅम आणि ६५० चं ४९० ग्रॅम, फुलवटा जवळपास सारखाच. पाठीवर ओझं वाहणाऱ्याला ते ९० ग्रॅम जड. तुमचं ओझं गाडी वाहणार आहे. ६५० चं घ्या, वाचलेले पैसे मॅटीत घाला. आत डाऊन किती ग्रॅम भरलंय हे जो विक्रेता सांगत नाही त्याच्याकडून घेऊच नका.

बॅगेवर तापमान लिहिलेलं असतं त्यात 'कम्फर्ट' आणि 'लिमिट' असे दोन आकडे येतात. आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेत कम्फर्ट हा बाईच्या हिशेबानं काढतात, लिमिट पुरुषाच्या. तिसरा 'एक्स्ट्रीम' असतो तो जीव वाचण्यापुरता, त्यावर बेत आखायचा नाही. तुम्ही कम्फर्टच बघा, आणि तुमच्या दोघांसाठीही तोच धरा. उघडं पांघरूण, म्हणजे क्विल्ट घेतलं तर त्यावरचा आकडा बहुधा कंपनीचा स्वतःचा असतो. तिथं चार-पाच अंश हातचे ठेवा.

पक्ष्यांबद्दल: 'रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड' असं प्रमाणपत्र बघा. त्यात जिवंतपणी पिसं उपटायला आणि बळजबरीनं खाऊ घालायला मनाई आहे.

बाळीवेस (सोलापूर):

अक्का, एका ट्रिपसाठी एवढा खर्च कशाला? मनालीत स्लीपिंग बॅगा भाड्यानं मिळतात. आणि डाऊन एकदा ओलं झालं की बसतं, गोळे होतात, वाळता वाळत नाही. सिंथेटिक ओलं झालं तरी थोडी ऊब राखतं, घरी धुताही येतं. आपल्याकडं वर्षातले दहा महिने ते माळ्यावर पडून राहणार, तेही उन्हाळ्यात पत्र्याखाली.

माग_पूर्वभाग:

बाळीवेसदादा, मनाली वाटेवर नाही आमच्या, आम्ही सिमल्याकडून चढणार. उंची हळूहळू वाढत जावी म्हणून मुद्दाम तो रस्ता घेतलाय. आणि एका ट्रिपचं नाही हे. यांना रिटायर होऊन सहा महिने झालेत, पुढची काही वर्षं असंच फिरायचं मनात आहे. भाड्याच्या बॅगेत कोण कोण झोपून गेलं असेल या विचारानं मला झोप लागणार नाही. सिंथेटिकचं म्हणणं पटतं, पण तेवढ्याच उबेला गठ्ठा मोठा होतो आणि माझी अडचण गठ्ठ्याचीच आहे.

काल पुण्यात भाचीकडे गेले होते, तेव्हा दोन दुकानांत जाऊन माल हाताळला. तुम्ही सगळे भरण बघता, मी आधी कापड बघितलं. डाऊनचं कापड दाट नसेल तर लव बाहेर येते. डेनियर म्हणजे ९,००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन, आकडा जितका लहान तितकं सूत बारीक. (आपल्या सुती काउंटचं उलटं, तिथं आकडा मोठा तसं सूत बारीक. यात गल्लत करू नका.) २० डेनियरचं एक कापड उजेडासमोर धरलं तर उभ्या-आडव्या धाग्यांमधून उजेड ठिपक्याठिपक्यानं येत होता. दुसरंही २० चंच, पण एका बाजूनं तकतकीत, गरम रुळातून दाबून काढलेलं. त्यातून उजेड सारखा येत होता, ठिपका नाही. कॅलेंडरिंग केलं की धागे चपटे होऊन फटी बुजतात. पहिल्याच्या शिवणीवर मी बोटानं चोळलं तर दोन मिनिटांत तीन बारीक पिसं वर आली, एक तर दांडीचं, टोचणारं. म्हणजे लवेत पिसं मिसळलेली. दुसऱ्याच्या शिवणीतून काही आलं नाही.

आणखी एक बघितलं. दोन्ही पांघरुणं मुठीत दाबून सोडली. एक पाव मिनिटात पुन्हा फुगलं, दुसरं दबलेलंच राहिलं. भरण किती फुलतं ते असं हातालाच कळतं.

आता एकच सांगा, एक मोठं की दोन?

गोदाकाठची (नाशिक):

ताई, दोन घ्या. आम्ही दोघी बहिणी मागच्या वर्षी ताबोला गाडीत एका मोठ्या क्विल्टखाली झोपलो होतो. एकीनं कूस बदलली की दुसरीच्या पाठीवर गार हवेचा झोत. मधे जो बोगदा होतो तो बंदच होत नाही. पायाकडे शिवलेली खोळ असलेली दोन सुटी घ्या, कडा अंगाखाली खोचायला पट्टे असतील तर उत्तम.

काचेच्या पाण्याचं तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. दोन माणसांचा रात्रभराचा श्वास गाडीतच राहतो. दोन काचा समोरासमोर बोटभर खाली ठेवायच्या, थंडी वाटली तरी. श्वास पांघरुणाच्या आत सोडायचा नाही, नाक बाहेर, डोक्याला कानटोपी. नाहीतर डाऊन रोज थोडं थोडं दमट होत जातं. पहिल्या रात्री कळत नाही, चौथ्या रात्री पांघरूण चपटं झालेलं दिसतं. आम्ही रोज दुपारी ते बॉनेटवर पसरायचो. तिथलं ऊन कडक आणि हवा कोरडी, तासाभरात परत फुलायचं.

झोपताना बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून पायाशी ठेवा. आणि हात जोडून सांगते, गाडीत शेगडी, निखारे, गॅस काहीही पेटवू नका, इंजिन चालू ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

माग_पूर्वभाग:

सगळ्यांचे मनापासून आभार. घेतलं. दोन सुटी क्विल्ट, प्रत्येकात ६५० चं ५०० ग्रॅम डाऊन, तेच तकतकीत कापड, प्रमाणपत्राचा टॅग आहे. एकेकाचं वजन किलोच्या आतच. पिशवीत कोंबलं की सात लिटरच्या कुकरएवढं होतं. फोमच्या घडीच्या मॅटी चार, माणशी दोन.

आता सोलापुरात सप्टेंबरमध्ये थंडी कुठून आणायची? पंढरपूर तालुक्यात आमच्या नात्यातल्यांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथं जाऊन बघितलं. आत ४ अंश. पेट्यांच्या दोन रांगांमधल्या फरशीवर पथारी टाकली. हे दाराशी उभे राहून दर दहा मिनिटांनी हाक मारत होते. तासभर पडून राहिले मी तिथं, सगळीकडे बेदाण्याचा गोड वास.

आधी सवयीनं क्विल्टवर सोलापुरी चादर ओढली. पंधरा मिनिटांत गुडघ्यांवर गार वाटायला लागलं. हात लावून बघितलं तर चादरीच्या वजनानं डाऊन दबून पार पातळ झालं होतं. मग चादर काढून मॅटीवर अंथरली आणि क्विल्ट मोकळं वर घेतलं. ते हळूहळू फुगत वर आलं, चार बोटं जाड झालं. पाठीला चादरीची ओळखीची खरखर, वर वजनच नाही. पुढचा पाऊण तास एकदाही कुडकुडले नाही. अंगात स्वेटर आणि पायांत लोकरीचे मोजे होते, तेवढं धरून सांगते.

तर चादरी दोन्ही येतायत, पण खाली. रजई घरी.

बाळीवेसदादा, माळ्याचंही ऐकलं तुमचं. वडिलांच्या जुन्या धोतराच्या दोन मोठ्या खोळी शिवल्यात. क्विल्ट त्यात सैल भरून आतल्या खोलीच्या कपाटात टांगून ठेवलीत, पत्र्याखाली नाही. पिशवीत कोंबायची ती निघायच्या दिवशी सकाळीच.