बोटीवरून उतरल्यावर आजी आणि पोरांना कुठं न्यायचं? अनुभव लिहा

मुलुंडकरीण
डिसेंबरात मुंबईहून क्रूझवर निघतोय. आधी गोवा, मग लक्षद्वीप, परत मुंबई. आम्ही दोघं, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेचारचा आणि सासूबाई, वय ७४. बोटीवरच्या जेवणाची, खोल्यांची, पोहण्याच्या तलावाची माहिती ढिगानं मिळाली, ती नको. प्रश्न उतरल्यानंतरच्या सहा-सात तासांचा आहे. बोटीवाल्यांच्या सहली घ्याव्यात की आपली आपण गाडी करावी? सासूबाईंचा उजवा गुडघा दुखतो. जिना चढतात, पण उतरताना एकेक पायरी, कठडा धरून. विचारलं की उत्तर ठरलेलं, "माझं काय गं, मी बसते बोटीवर, तुम्ही जाऊन या." हे खरं धरायचं की नाही, तेही सांगा. मुलगा दुपारी झोपला नाही तर चारनंतर कोणालाच सुख नसतं. फसलेलं आधी लिहा, जमलेलं नंतर.

माहीमचा मामा
गोव्याला बोटीने दोनदा गेलोय, एकदा फसलोय. बोट मुरगाव बंदराला, म्हणजे वास्कोला लागते आणि आपल्या डोक्यात असतं कळंगुट. पहिल्या खेपेला हट्टाने तिकडेच गेलो. जाऊन-येऊन तीन तासांच्या वर गाडीत, पाण्यात जेमतेम पाऊण तास. ओल्या चड्ड्यांवर पोरं, एसीत कुडकुडणारे माझे वडील आणि पुढच्या सीटवर तोंड न उघडणारी बायको.

दुसऱ्यांदा उत्तरेचं नावच काढलं नाही. सकाळी लवकर मंगेशी. वडिलांना दर्शन, पोरांना अंगण. तिथून जुन्या गोव्याला. बॉम जेझसची बॅसिलिका आणि समोर से कॅथेड्रल, मधे एक रस्ता आणि थोडी हिरवळ, त्यामुळे म्हातारं माणूस हळूहळू दोन्ही बघू शकतं. परतताना बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमानांचं संग्रहालय आहे. खरी जुनी विमानं उघड्यावर उभी आहेत. आमचं पोरगं एका चाकाला मिठी मारून बसलं, सोडायला तयार नाही. सोमवारी ते बंद असतं, वार बघून घ्या. तिथून बंदर जवळ, म्हणून परतीची धाकधूक नाही.

मुलाच्या झोपेचं म्हणाल तर ती गाडीत होऊ द्या. मंगेशी ते बंदर हा रस्ता त्यासाठीच आहे असं समजा.

ठाण्याची आत्या
लक्षद्वीपला आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. अगत्तीला बोट धक्क्याला लागत नाही. बेटाभोवती प्रवाळाची कड आहे, आत पाणी उथळ, त्यामुळे मोठी बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहते आणि स्थानिक लोकांच्या छोट्या बोटी आपल्याला न्यायला येतात. मोठ्या बोटीच्या पोटाला पाण्यालगत एक दार उघडतं. तिथून छोट्या बोटीत उतरायचं. वाचायला सोपं आहे.

माझी आई तेव्हा ७१ ची होती. दारात उभी राहिली आणि खाली बघितलं तर बोट एकदा पायाशी, एकदा गुडघाभर खाली. आई म्हणाली, "मी नाही." मागे पन्नास माणसं. तेवढ्यात खालच्या पोऱ्याने हात पुढे केला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, हात नका धरू, मनगट धरा. त्याने आईचं मनगट धरलं, आईने त्याचं. घामाने हात सुटतो, मनगटाला मनगट सुटत नाही. मग तो लाटा बघत थांबला. एक गेली, दुसरी गेली. तिसरीला बोट वर आली, दाराच्या पातळीला टेकल्यासारखी झाली आणि तो म्हणाला, "अब." आईने एक पाऊल टाकलं. एवढंच. उडी नाही, काही नाही.

साडी नको, पंजाबी ड्रेस घालायला सांगा. पायात मागे पट्टा असलेली चप्पल. दोन्ही हात मोकळे हवेत, पर्स तुमच्या गळ्यात. धाकट्याला आधी एका मोठ्या माणसाने खाली जाऊन घ्यायचं, वरून दुसऱ्याने द्यायचं. चाकाची खुर्ची या बोटींतून नेता येईल असं धरून चालू नका. वारा वाढला तर उतरणंच रद्द होतं. तेव्हा पोरांना "उद्या बेट" असं ठणकावून सांगू नका, आम्ही सांगितलं आणि भोगलं. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, तो बोटीचं बुकिंग करतानाच मार्गी लावा, ओळखपत्रं आजीचीसुद्धा.

बेटावर सावली शोधा, वाळू पांढरी आणि ऊन वरून-खालून दोन्हीकडून. आम्ही आईला माडाखाली शहाळं देऊन बसवलं आणि काचेच्या तळाच्या बोटीत फक्त पोरांना नेणार होतो. ती स्वतःहून येऊन बसली. कासव तिला आधी दिसलं.

वाशीचा बाबा
माझं थोडक्यात. सिंगापूरहून निघालो होतो, बोट मलेशियात क्लांगला आणि थायलंडात फुकेतला थांबली.

फुकेतला उतरल्या उतरल्या मोबाइलने स्वतःच घड्याळ एक तास मागे घेतलं, कारण थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. बोटीने मात्र वेळ बदलली नव्हती. आम्ही निवांत नारळपाणी पीत होतो. शेजारच्या बाकावरच्या बाईने विचारलं, तुमची बोट कुठली, आणि ती उठून पळायलाच लागली. आम्हीही पळालो. सासऱ्यांना मी आणि मेव्हण्याने दोन्ही बाजूंनी धरून जवळजवळ उचलूनच आणलं. पोचलो. तेव्हापासून आमच्या घरात एक हातघड्याळ बोटीच्या वेळेवर असतं आणि ते सासऱ्यांच्या मनगटावर. त्यांनाच ते काम दिलंय.

बोटीची सहल की आपली गाडी? बोटीची महाग आणि पन्नास जणांच्या चालीने चालते. पण तिला उशीर झाला तर बोट थांबते. आपल्या गाडीला उशीर झाला तर थांबत नाही, पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च आपला. म्हणून माझा नियम, बंदर शहरात असेल तर आपली गाडी, लांब असेल तर त्यांची बस. क्लांगहून क्वालालंपूर लांब, तिथं बस घेतली. तिथल्या बातू केव्ह्जला, म्हणजे गुहेतल्या देवळाला, २७२ पायऱ्या. पोरं वर माकडांत, सासरे खाली मुरुगनच्या सोनेरी मूर्तीसमोर, जवळच्या तमिळ हॉटेलात डोसा खात. त्या सहलीतला त्यांचा सगळ्यात आवडता दिवस तो.

आणि सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणार असाल तर व्हिसावर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश आहे ना, ते बघा.

पार्ल्याची मावशी
मुलुंडकरीण, तुझ्या सासूबाईंचा गुडघा उतरताना दुखतो ना, म्हणून हे लिहिते. तुर्कस्तानात कुशादासी बंदराहून एफेसस या प्राचीन शहराचे अवशेष बघायला गेलो. सगळे सांगतात, वरच्या दाराने आत शिरा आणि खालच्या दाराने बाहेर पडा, म्हणजे चढ लागत नाही, म्हाताऱ्यांना सोपं. माझ्या जाऊबाईंना तेच अवघड गेलं! संगमरवराचा रस्ता हजारो पावलांनी गुळगुळीत झालेला आणि सगळा उतार. चढ असता तर दमून का होईना गेल्या असत्या. ग्रंथालयाच्या त्या भव्य दर्शनी भिंतीपर्यंत पोचेस्तोवर त्यांचं लक्ष फक्त पायाखाली. "सोपी सहल" असं कुणी म्हटलं की विचार, कोणासाठी सोपी, चढायला की उतरायला.

बोरिवलीकर
मुलगा सिअ‍ॅटलला, तिथून आईबाबा आणि दोन नातवंडांसह अलास्का. स्कॅगवेला व्हाइट पासची जुनी आगगाडी आहे, सोन्याच्या शोधात लोक धावत सुटले त्या काळातली, १९०० साली पुरी झालेली. गाडी बोटीजवळूनच सुटते, तीनेक तास बसून डोंगर, बोगदे, दऱ्या. आईचं एक पाऊल वाया गेलं नाही. नातवंडं मात्र तासाभरात कंटाळली, पत्ते न्या.

तिथून जाणाऱ्यांसाठी एक सूचना. सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटलला परतणारी परदेशी नोंदणीची बोट वाटेत परदेशी बंदराला लागावीच लागते, १८८६ चा अमेरिकी कायदा आहे. म्हणून व्हिक्टोरियाला थांबा, म्हणजे कॅनडा. भारतीय पासपोर्टवाल्यांनी कॅनडाचा व्हिसा आधी बघावा.

गिरगावची लेक
मी कधी क्रूझवर गेले नाही. पण माझी मावशी परदेशातून बोटीने मुंबईत उतरली होती, लेक, जावई आणि दोन नाती घेऊन. म्हणजे त्यांची सहल आपल्याच गावात आणि ठरवायची मी.

मी घारापुरी ठरवलं. मग लक्षात आलं की वार सोमवार आणि सोमवारी लेणी बंद. (बरंच झालं. धक्क्यावरून छोटी गाडी असली तरी पुढे शंभरावर पायऱ्या आहेत. डोली मिळते, पण मावशी डोलीत बसणारी बाई नव्हे.) बॅलार्ड पिअरहून काळी-पिवळी केली, मोठी माणसं एकीत, पोरी आणि मी दुसरीत. आधी सीएसएमटी. मावशीला समोर टॅक्सीतच बसवलं आणि पोरींना सांगितलं, भिंतीवरचे प्राणी मोजा. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ आहेत, ते तर कुणालाही दिसतात, पण मोर, माकडं शोधावी लागतात. पाऊण तास कुठं गेला कळलं नाही. ओळीत उभं राहून बघायचं असतं तर दहा मिनिटांत कंटाळल्या असत्या.

मग मावशी म्हणाली, गिरगावात ने. तिची चाळ पडून टॉवर झालाय हे तिला फोनवर सांगितलेलं होतं. तरी न्यायलाच लागलं. वॉचमनने प्लास्टिकची खुर्ची दिली, मावशी फाटकाच्या आत वीस मिनिटं बसली. वर बघितलंच नाही, समोरच्या रस्त्याकडे बघत होती. तोवर पोरी खोताच्या वाडीत लाकडी घरं बघून आल्या, मांजरं मोजून आल्या. साबुदाणा वडा, पियुष आणि परत धक्का. बोट सुटायला दोन तास होते. जावई म्हणाला, अजून एखादं ठिकाण होईल. मावशीने नुसतं त्याच्याकडे बघितलं.

मुलुंडकरीण
परत आलो. सगळ्यांचं ऐकून कागदावर बेत केला होता. गोव्यात सासूबाईंना मंगेशीला न्यायचं, अगत्तीला नवऱ्याने त्यांच्यासोबत बोटीवर थांबायचं. निघायच्या आदल्या रात्री तो कागद त्यांना वाचून दाखवला. म्हणाल्या, "मंगेशीला माझं पाच वेळा झालंय. गोव्यात मला झोपू द्या. पण समुद्रातलं बेट मी कधी बघितलं नाही." म्हणजे "मी बसते" हे गोव्यापुरतं अगदी खरं होतं, आम्ही चुकीच्या बंदराला चिकटवलं होतं.

तर गोव्यात आम्ही चौघंच. विमानं, बोगमाळो, मुलगा गाडीत गाढ. मामांचे आभार. परत आलो तेव्हा सासूबाई डेकवर केस मोकळे सोडून चहा घेत होत्या.

अगत्तीला दारात उभं राहून त्यांनी खालच्या माणसाला स्वतःच सांगितलं, "मनगट." मराठीत. त्याला कळलं. एक लाट जाऊ दिली, दुसरीला पाऊल टाकलं, डावं. बेटावर लेकीने प्रवाळाचा तुकडा खिशात टाकला होता, तो त्यांनी परत पाण्यात टाकायला लावला, नेऊ देत नाहीत म्हणून. लेक अजून रुसलीये. परतीच्या बोटीत चढताना गुडघ्याचं काही म्हणाल्या नाहीत. रात्री मात्र दोनदा बाम मागितला.

ठाण्याच्या आत्या, त्या काचेच्या बोटीत पाठ टेकायला काही नसतं, ते लिहायचं राहिलं होतं तुमचं.