मदत हवी आहे: माऊच्या पुस्तकाचं पान फाटलं, लेक झोपेना

चिमणीची_आई:
लवकर सांगा कुणीतरी. पान बरोबर मधे फाटलंय. माऊचं डोकं एकीकडे, शेपूट दुसरीकडे. सेलोटेप चालते ना? शनिवारी द्यायचंय. आणि दिल्यावर काय करू? त्याशिवाय ती झोपत नाही. रोज रात्री बारा-पंधरा वेळा तेच. भाजी चिरताना मीही तेच पुटपुटते आता.

पाऊसवेडी:
ती म्हणजे कोण? वय काय? शनिवारी कुणाला द्यायचंय?

तात्या_नाशिककर:
मोबाइल बंद करा आधी. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये सांगितलंय, वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच.

चिमणीची_आई:
तात्या, मोबाइलचं कुठे लिहिलंय मी? लेक 19 महिन्यांची, पुस्तक वाचनालयाचं.

निवृत्त_ग्रंथपाल:
सेलोटेप अजिबात नको! काही वर्षांत पिवळी पडते, चिकटा बाहेर येऊन शेजारचं पान धरतो आणि काढायला गेलं की छपाईही उचलून येते. आम्ही गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी टिश्यूची, म्हणजे पातळ पण चिवट कागदाची, पट्टी वापरायचो, वर बटर पेपर आणि रात्रभर वजन. पण कागद कसला आहे? चकचकीत असेल तर ओलं काही लावू नका, पानं एकमेकांना चिकटून बसतात. खरं तर आहे तसंच परत न्या आणि सांगून टाका.

गणित_एके_गणित:
मूळ प्रश्न वेगळाच आहे. एकच पुस्तक पंधरा वेळा? रोज नवीन द्या, नाहीतर डोकं एकाच चाकोरीत अडकतं. आमच्याकडे फ्लॅशकार्ड होती.

पाऊसवेडी:
काहीही! तेच तेच ऐकूनच शब्द पक्के होतात. माझा लेक पुढचं वाक्य माझ्या आधी म्हणायचा, आणि मी एक ओळ गाळली की मागचं पान उलटून द्यायचा. चोरी पकडली जायची.

गणित_एके_गणित:
ते पाठांतर झालं, वाचन नव्हे.

पाऊसवेडी:
दीड वर्षाच्या पोरीने अग्रलेख वाचायचाय का?

न्यूजर्सीची_सून:
जाड पुठ्ठ्याची पुस्तकं घ्या गं. पातळ पान एकेक उलटणं या वयात जमत नाही, फाटणारच. इथे डॉक्टर पहिल्या तपासणीपासून मोठ्याने वाचून दाखवा म्हणतात. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच तसं जाहीर केलंय.

चिमणीची_आई:
मराठीत पुठ्ठ्याची फार सापडत नाहीत. आहेत ती बहुतेक अ-अननस.

कागदकापू:
प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट उतरवता येतात. प्रिंट काढा, लॅमिनेट करा. कोपरे मात्र गोल कापा, टोचतात.

तात्या_नाशिककर:
भिलारला न्या तिला. 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं. स्ट्रॉबेरीही मिळते.

निवृत्त_ग्रंथपाल:
तात्या, तिथली पानंही फाटतील! ताई, कागदाचं सांगितलं नाहीत.

नवीन_बाबा:
नर्सरीसाठी मराठी माध्यम बरं की इंग्रजी? आमची फेब्रुवारीत दोनची होईल.

पाऊसवेडी:
वेगळा धागा काढा हो.

चिमणीची_आई:
चकचकीत आहे. आणि एक सांगायचं राहिलं. टेप नवऱ्याने कालच लावलीय. दोन्ही बाजूंनी.

निवृत्त_ग्रंथपाल:
अरे देवा. आता काढू नका. तशीच न्या.

चिमणीची_आई:
नेते. पण लेक आता त्या टेपवर बोट ठेवून "माऊ बाऊ" म्हणते आणि दर वेळी मला फुंकर घालायला लावते. पंधरा वेळा वाचन, पंधरा वेळा फुंकर. पुठ्ठ्याच्या पुस्तकात ही बाऊ झालेली माऊ कुठून आणू?