२००६ ची एफए कप फायनल : तुम्ही तेव्हा कुठे होतात?

नौपाड्याचा लाल
काल रात्री (१७ मे २०२५) एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल कपच्या फायनलमध्ये क्रिस्टल पॅलेसने मँचेस्टर सिटीला १-० हरवलं, त्यांचा पहिलाच मोठा कप. पॅलेसचा गोलकीपर हेंडरसनने सिटीच्या मार्मूशची पेनल्टी अडवली तेव्हा मी ओरडत उठलो आणि सवयीने शेजारी बघितलं. दादाला जाऊन तीन वर्षं झाली.

मग झोप नाही. १३ मे २००६ आठवत बसलो. आमचं नौपाड्यातलं जुनं घर, शनिवार, संध्याकाळी साडेसातला आमचं लिव्हरपूल विरुद्ध वेस्ट हॅम. आधी कॅरागरचा सेल्फ गोल, मग अ‍ॅश्टन, ०-२. सिसे आणि जेरार्डने २-२ केलं, तर वेस्ट हॅमच्या कोंचेस्कीचा तो क्रॉस उडत उडत आमचा गोलकीपर रेनाच्या डोक्यावरून थेट आत. २-३. नव्वद मिनिटं होत आली आणि आमची लाईट गेली.

दादा काहीच बोलला नाही. जिन्यात जाऊन बसला. मग लँडलाईन वाजला, त्याचा वाशीचा मित्र, "मारला रे जेरार्डने!" एवढंच. ३-३. पुढचा एक्स्ट्रा टाईम, पेनल्ट्या, सगळं त्याने फोनवर सांगितलं, दादा अंधारात ऐकून मला सांगायचा. "अडवली." "अडवली." "परत अडवली!" तिसऱ्यांदा आई स्वयंपाकघरातून मेणबत्ती घेऊन धावत आली, तिला वाटलं कोणी पडलं.

तुमची कोणती फायनल अशी आहे? लिहा ना.

कोपरीकर
रेना!!! झमोरा, कोंचेस्की, फर्डिनांड, तिघांच्या अडवल्या. दादांबद्दल वाचून वाईट वाटलं रे.

बोटीवरचा
मी नेरूळचा. तेव्हा बोटीवर थर्ड इंजिनियर होतो, आमचे चीफ पूर्व लंडनचे, वेस्ट हॅमवाले. त्यांच्याकडूनच कळलं की हा क्लब थेम्स आयर्नवर्क्स म्हणजे जहाज बांधायच्या कारखान्यातल्या कामगारांचा, १८९५ चा, बिल्ल्यावरचे दोन हातोडे रिव्हेट ठोकायचे. त्यानंतर मला दुसरी टीम आवडलीच नाही. आम्ही १९८० नंतर कप जिंकलेलो नव्हतो आणि फक्त तीन-चार मिनिटं राहिली होती हो. चीफ न जेवता डेकवर गेले, मी चहा नेऊन दिला, तासभर दोघंही गप्प उभे होतो.

फुटबॉलवेडा_घोडबंदर
त्या गोलआधी बॉल लांब मारायला चुकला तो स्कालोनी, वेस्ट हॅमचा. हो तोच, २०२२ ला अर्जेंटिनाला वर्ल्ड कप जिंकून देणारा कोच!! बॉल फिरून जेरार्डकडे आला, स्टेडियममध्ये चार मिनिटं वाढवल्याची घोषणा चालू, आणि याने साधारण ३५ यार्डांवरून ठेवून दिला. पायात गोळे आले होते म्हणून तिथूनच मारला. मी हा गोल दर वर्षी एकदा बघतोच.

बोटीवरचा
स्कालोनीचं नाव नका काढू, अजून दुखतं

वर्तकनगरची ताई
मला फुटबॉल कळत नाही पण ती लाईट!! मे महिना, आम्ही गाद्या घेऊन गच्चीवर, सकाळी वाळत घातलेल्या कुरडया तिथेच आणि रात्री पोरं त्यावर पाय देणार म्हणून सासूबाई काठी घेऊन राखण. तुमच्या आईंचं मेणबत्ती घेऊन धावणं अगदी डोळ्यांसमोर आलं.

सीवूड्स_आई
थोडं अवांतर. डीवाय पाटीलला २०२२ मध्ये मुलींची अंडर-१७ वर्ल्ड कप फायनल लेकीला घेऊन बघितली, स्पेन १, कोलंबिया ० आणि तो एकमेव गोल कोलंबियाच्या एका मुलीचा सेल्फ गोल. लेक तेव्हा दहाची, घरी येईपर्यंत एकच विचारत होती, आता तिच्या टीमवाल्या तिला जवळ घेतील ना? मी घेतील म्हटलं. आता लेक स्वतः डिफेन्सला खेळते. कॅरागरचं वाचून तेच आठवलं, त्याच्या टीमने त्याला वाचवलंच की.
ताई कुरडया घरी करता का अजून? माझा चीक गुठळ्या धरतो

नौपाड्याचा लाल
सगळं वाचतोय, आईलाही वाचून दाखवलं. बोटीवरचे, तुमच्या चीफसाठी मनापासून वाईट वाटलं, तेव्हा मला वेस्ट हॅमचा विचारच आला नव्हता.
कोणीतरी मेसेजमध्ये विचारलं तो वाशीचा मित्र कुठे असतो. वाशीलाच. काल मॅच संपल्यावर मीच फोन लावला, हॅलो नाही काही नाही, उचलल्या उचलल्या म्हणाला, "अडवली!" मग दोघांनाही बोलता येईना.

वर्तकनगरची ताई
@सीवूड्स_आई हो करते. गहू तीन दिवस भिजव, रोज पाणी बदल, आणि चीक उकळत्या पाण्यात बारीक धारेने ओतताना हात थांबवू नकोस, दुसरं कोणीतरी ढवळायला हवं.